शिवथरचे अंतर : घाटवाटेपासून हवाई रेषेपर्यंत

रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातले शिवथर खोरे आणि पुण्याचा लोहगाव विमानतळ यांच्यात सरळ रेषेत जेमतेम ५५ ते ६० किलोमीटर अंतर आहे. मुंबईच्या विमानतळापासून हीच रेषा साधारण १३० किलोमीटर भरते, आणि मुंबई व पुणे हे दोन विमानतळ एकमेकांपासून सुमारे १२४ किलोमीटरवर आहेत. नकाशावर हा एक लहानसा त्रिकोण आहे. जमिनीवर मात्र या त्रिकोणाच्या मधोमध सह्याद्रीची भिंत उभी असल्यामुळे त्याची कोणतीही बाजू सरळ चालून जाता येत नाही. पुण्याहून भोर आणि वरंधा घाटमार्गे शिवथर गाठायचे तर शंभराहून जास्त किलोमीटर पडतात, म्हणजे सरळ अंतराच्या जवळजवळ दुप्पट. या भागातल्या प्रवासाचा इतिहास हा मुख्यतः या दोन आकड्यांमधल्या फरकाचा इतिहास आहे.

सरळ अंतर काढण्याची रीत सोपी आहे. शिवथर साधारण १८ अंश १० मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंश ३७ मिनिटे पूर्व रेखांशावर येते. लोहगावचा विमानतळ १८ अंश ३५ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ५५ मिनिटे पूर्व असा आहे. अक्षांशातला फरक २५ मिनिटांचा. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर, त्यामुळे उत्तर-दक्षिण अंतर साधारण ४६ किलोमीटर झाले. रेखांशातला फरक १८ मिनिटांचा, आणि या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा असल्याने पूर्व-पश्चिम अंतर साधारण ३२ किलोमीटर. या दोन बाजूंचा कर्ण ५६ किलोमीटरच्या आसपास येतो. लांबच्या प्रवासात पृथ्वीचा गोलावा हिशेबात घ्यावा लागतो आणि वैमानिक बृहद्वृत्ताची रेषा धरतात. एवढ्या लहान अंतरात शाळेतला पायथागोरस पुरतो.

जुन्या काळी असा हिशेब कोणी करत नव्हते, कारण त्याचा उपयोगच नव्हता. अंतर कोसांत सांगितले जाई आणि प्रवास मजलांत मोजला जाई. कोस साधारण दोन मैलांचा धरत, पण तो सगळीकडे सारखा नसे. मजल म्हणजे दिवसभरात चालून मुक्काम गाठण्याचे अंतर. सपाटीवरची मजल लांब, घाटातली आखूड; उन्हाळ्यातली वेगळी, श्रावणातली वेगळी. हे माप वेळेचे आणि अंतराचे एकाच वेळी होते, आणि सह्याद्रीसारख्या मुलखात तेच खरे माप होते. आजही घाटमाथ्यावरच्या जाणत्या माणसाला खालचे गाव किती लांब असे विचारले, तर तो किलोमीटर सांगण्याऐवजी उतरायला किती वेळ लागेल ते सांगतो.

शिवथरचे खोरे महाडच्या पूर्वेला, कड्याला अगदी चिकटून आहे. कसबे शिवथर, आंबे शिवथर आणि कुंभे शिवथर ही या खोऱ्यातली गावे. डोक्यावर कड्याची रांग आणि तिच्यापलीकडे भोर व वेल्हे भागांतले मावळ. सह्याद्रीचा पूर्वेचा उतार सावकाश जातो, पश्चिमेचा मात्र एकदम तुटतो. बेसॉल्टचे थर एकावर एक रचलेले असल्यामुळे कडे पायरीपायरीने उतरतात, आणि त्या पायऱ्यांमधल्या खाचा, नाळा आणि सोंडा धरून माणसांनी वाटा पाडल्या. शिवथर आणि त्याच्या शेजारच्या खोऱ्यांतून वर चढणाऱ्या अशा वाटा बऱ्याच आहेत. गोप्या घाट, शेवत्या घाट, उपांड्या आणि मढे घाट ही नावे आज डोंगरभटक्यांच्या तोंडी असली, तरी पूर्वी ती रोजच्या व्यवहाराची होती. तानाजी मालुसरे १६७० मध्ये सिंहगडावर पडल्यावर त्यांचा देह मढे घाटाने खाली पोलादपूरजवळच्या उमरठला आणला, असे परंपरा सांगते.

या वाटांनी कोकणातून मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर जात. देशावरून गूळ, मिरची, धान्य आणि कापड खाली येई. माल बैलांच्या पाठीवर लादलेला असे, कारण गाडी चढेल अशी वाटच नव्हती. लादलेला बैल जिथे पाय ठेवू शकेल ती वाट व्यापाराची, आणि जिथे माणसालाच हात टेकून चढावे लागेल ती गावकऱ्यांची, अशी विभागणी आपोआप झाली होती. महत्त्वाच्या घाटावर किल्ला आणि चौकी असे. वरंधा घाटाच्या माथ्यावरचा कावळ्या, पोलादपूरकडचा चंद्रगड, त्याच्या शेजारचा मंगळगड ऊर्फ कांगोरी हे किल्ले आकाराने मोठे नाहीत. त्यांचे काम वाट राखण्याचे होते, आणि वाट ज्याच्या हाती त्याच्या हाती जकात.

हा सगळा मुलूख जावळीच्या मोऱ्यांचा होता. शिवाजी महाराजांनी १६५६ च्या आरंभी जावळी घेतली आणि त्याच वर्षी रायरीचा डोंगरही, म्हणजे पुढचा रायगड, त्यांच्या ताब्यात आला. घाटवाटा कोणाच्या हाती आहेत यावर कोकण आणि देश यांचा संबंध ठरत असल्यामुळे जावळीचे महत्त्व तिच्या उत्पन्नाच्या मानाने फार मोठे होते. तीन वर्षांनी अफझलखान वाईहून निघून रडतोंडीच्या घाटाने पार गावात उतरला. नकाशावर ते अंतर किरकोळ आहे. त्या मोठ्या फौजेला मात्र ती उतरण फार महागात पडली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली जे घडले त्यात शस्त्रांइतकाच त्या दुर्गम वाटेचाही वाटा होता.

समर्थ रामदासांनी दासबोधाची रचना शिवथरच्या घळीत केली ही परंपरा याच काळातली. शके १५७६, म्हणजे १६५४ हे वर्ष त्या संदर्भात सांगितले जाते. लेखनिक कल्याणस्वामी होते. चाफळ, सज्जनगड ही समर्थांची इतर ठिकाणे घाटावर आहेत. सज्जनगड इथून सरळ रेषेत ६५ किलोमीटरच्या आसपास. पण घाट उतरून खाली आल्यावर कड्याच्या पायथ्याशी, दाट रानात, धबधब्याच्या शेजारी असलेली ही जागा माणसांच्या वर्दळीपासून पूर्ण तुटलेली होती. मोठ्या ग्रंथाला जो निवांतपणा लागतो तो या अंतराने दिला. शिवथरचे दूर असणे ही त्या जागेची उणीव नव्हती, तिची निवड होण्याचे तेच कारण होते.

ती जागा पुढे लोकांच्या नजरेआड गेली. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ वाङ्मयाची हस्तलिखिते गोळा करण्यात आयुष्य घालवले, आणि जुन्या कागदांतल्या उल्लेखांचा माग काढत १९३० मध्ये त्यांनी ही घळ शोधून काढली. हीच ती घळ का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही या खोऱ्यात बाहेरच्या माणसांची नियमित ये-जा सुरू झाली ती देवांच्या शोधानंतर, हे निर्विवाद आहे.

रायगड राजधानी झाल्यावर मुंबई ते रायगड हा प्रवास राजकारणाचा भाग बनला. राज्याभिषेकासाठी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मे १६७४ मध्ये मुंबईहून निघाला. चौलपर्यंत तो होडीने आला आणि तिथून अष्टमी, निजामपूर अशा मार्गाने गडाच्या पायथ्याच्या पाचाडला पोहोचला. महाराज त्या वेळी भवानीच्या दर्शनाला प्रतापगडावर गेले होते, म्हणून पाहुण्यांना पाचाडला थांबावे लागले. मुंबई ते रायगड हे सरळ अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतले. पण त्यासाठी समुद्र, खाडी, सपाटी आणि डोंगर असे चार टप्पे करावे लागत होते. ते पुढच्या अडीचशे वर्षांतही फारसे बदलले नाहीत.

कारण महाडचा मुंबईशी खरा रस्ता पाण्याचा होता. सावित्री नदी बाणकोटला समुद्राला मिळते आणि भरतीचे पाणी खाडीतून वर महाडच्या बाजूला येते. भरती साधून पडाव आणि मचवे वर आणायचे, ओहोटी धरून खाली सोडायचे, हा बंदराचा रोजचा क्रम. महाडजवळच्या गंधारपाल्याची बौद्ध लेणी पाहिली, की हा जलमार्ग आणि त्याला जोडलेल्या घाटवाटा किती जुन्या आहेत याची कल्पना येते. आगबोटी आल्यावर मुंबई-बाणकोट प्रवास वाऱ्यावर अवलंबून राहिला नाही, परंतु खाडीतला भाग भरतीवरच राहिला. पावसाळ्यात किनाऱ्यावरची वाहतूक बंद पडे आणि महाड जवळजवळ चार महिने आपल्यापुरते जगे.

या जलमार्गाची सर्वांत मोलाची नोंद १९२७ ची आहे. त्या वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि डिसेंबरात महाडला दुसरी परिषद ठरली. मुंबईहून धरमतरपर्यंत बोटीने आणि तिथून मोटारीने महाडला जाण्याची सोय तेव्हा झाली होती. पण मोटारवाल्यांच्या बहिष्काराचा धोका होता. म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी २४ डिसेंबरला ‘पद्मावती’ बोटीने समुद्रमार्गे निघाले आणि २५ तारखेला दुपारी दासगाव बंदरात उतरले. दासगाव ते महाड हे पाच मैल ते सारे मिरवणुकीने पायी चालत गेले. आज मुंबईहून महाडला जायला चार-पाच तास पुरतात. तेव्हा एक रात्र मध्ये घालवून दुसऱ्या दिवशी पोहोचता आले, आणि रस्ता कोणाला मिळेल व कोणाला मिळणार नाही हेही जात ठरवत होती. अंतराच्या इतिहासात ही बाब वगळता येत नाही.

रस्त्यांचे युग या भागात उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आले. मुंबई-पुण्यामधल्या बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत खुला झाला, आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर गेली. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन मुंबई-पुण्याचे १९२ किलोमीटर पावणेतीन तासांत तोडत होती. मुंबई आणि पुणे एकमेकांच्या जवळ आले. शिवथर मात्र दोघांपासून होते तितकेच लांब राहिले. महाबळेश्वर थंड हवेचे ठिकाण झाल्यामुळे तिथून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाटाचा रस्ता १८७६ मध्ये तयार झाला आणि त्याला गव्हर्नर फिट्झजेराल्डचे नाव मिळाले. महाड-भोर जोडणाऱ्या वरंधा घाटाचा रस्ताही याच शतकातला; त्याचा वरचा भाग भोर संस्थानात आणि खालचा इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यात होता. सरकारने रस्ते बांधले ते लष्कर, व्यापार आणि थंड हवा यांच्यासाठी. कड्याखालच्या खोऱ्यांतल्या गावांचा विचार त्यात नव्हता, आणि त्याची किंमत या गावांनी पुढची शंभर वर्षे मोजली.

आंबेनळी घाट या भागातल्या अंतराचे चांगले उदाहरण आहे. पोलादपूर ते महाबळेश्वर सरळ रेषेत सुमारे २१ किलोमीटर, रस्त्याने ४० च्या आसपास. या चाळीस किलोमीटरांत रस्ता समुद्रसपाटीच्या जवळून साडेतेराशे मीटरपर्यंत चढतो. गाडी जितकी पुढे जाते तितकीच वळणे घेत वर जाते. प्रत्येक वळणावर मागचा रस्ता खाली दिसतो. वरंधाही तसाच. त्याच्या माथ्याजवळ वाघजाईचे देऊळ आहे, खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत आणि भजी-चहाची खोपटी आहेत. तिथे थांबून खाली पाहिले की शिवथरचे खोरे हाताच्या अंतरावर असल्यासारखे दिसते. त्या ठिकाणाहून माझेरी आणि बारसगावच्या बाजूने फिरून घळीपर्यंत पोहोचायला मात्र आणखी बराच वेळ घाटाची वळणे उतरावी लागतात.

स्वातंत्र्यानंतर एसटी आली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली आणि पुढच्या काही दशकांत एसटी महाड, पोलादपूर, भोर या ठिकाणांहून आतल्या गावांत पोहोचली. शिवथरच्या लोकांच्या दृष्टीने अंतर खऱ्या अर्थाने कमी केले ते एसटीने. कोसांची जागा किलोमीटरने घेतली, आणि रस्त्याकडेचे मैलाचे दगड बदलले. कोकण रेल्वेचा रोहा-वीर टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. महाडजवळचे स्थानक वीर. रायगडावर १९९६ मध्ये रोपवे झाला, आणि ज्या चढणीला चांगल्या चालणाऱ्यालाही दीड-दोन तास लागत ती चार-पाच मिनिटांची झाली. अलीकडच्या काळात पोलादपूर आणि खेड यांच्यामधल्या कशेडी घाटाला जवळपास दोन किलोमीटर लांबीच्या जुळ्या बोगद्यांचा पर्याय मिळाला.

विमान हे साधन डोंगराला जुमानत नाही असे वाटते. पण या प्रदेशातल्या विमानवाहतुकीच्या पहिल्याच वर्षांत सह्याद्रीच्या पावसाने तिलाही वाकवले. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर टपालाचे विमान उतरवले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. म्हणजे नियमित हवाई टपाल घेऊन सह्याद्री ओलांडणारी ही पहिली वाट होती. जुहूची धावपट्टी समुद्राकाठच्या सखल, चिखलाच्या जमिनीवर होती आणि पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. त्यामुळे पावसाचे महिने टाटांचे लोक, विमाने आणि सामान पुण्याला येरवड्याच्या धावपट्टीवर हलवावे लागत. मचवे बंद, घाट निसरडे आणि विमाने घाटावर, असा तो पावसाळ्याचा क्रम होता. लोहगावचा तळ १९३९ मध्ये हवाईदलासाठी उभा राहिला आणि आजही तो हवाईदलाचाच आहे. नागरी विमाने तिथलीच धावपट्टी वापरतात.

मुंबई-पुणे हवाई प्रवासाचा हिशेब नीट मांडला तर अंतर आणि वेळ यांचे नाते किती सैल आहे ते कळते. १२४ किलोमीटरचे अंतर ताशी ५०० किलोमीटर वेगाने जाणारे पंख्याचे विमान पंधरा मिनिटांत कापेल. प्रत्यक्षात वेळापत्रकात पाऊण ते एक तास लिहिलेला असतो. कारण वेळापत्रकातला वेळ विमान थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या थांब्यावर उभे राहीपर्यंत धरला जातो. धावपट्टीपर्यंत सरकणे, आपली पाळी येण्याची वाट पाहणे, नेमून दिलेल्या मार्गाने वर चढणे, उतरण्यासाठी रांगेत फेरी घेणे हे सगळे त्यात येते. इतक्या लहान प्रवासात विमानाला पूर्ण उंची आणि पूर्ण वेग गाठायला सवडच मिळत नाही. त्यात प्रवाशाने तासभर किंवा अधिक आधी विमानतळावर हजर राहायचे आणि दोन्ही टोकांना शहराच्या वाहतुकीतून वाट काढायची. सगळे मिळून द्रुतगती मार्गाने गाडीने जाण्याइतकाच, कित्येकदा त्याहून जास्त वेळ जातो. विमान लांबच्या अंतराचे साधन आहे. शेजारच्या शहरासाठी रेल्वे आणि रस्ताच योग्य.

शिवथरच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट होते. २०२५ पर्यंत रायगड जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नव्हता. त्या वर्षी ८ ऑक्टोबरला पनवेल तालुक्यात नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. आता शिवथर आणि एक मोठा विमानतळ एकाच जिल्ह्यात आहेत. सरळ अंतर सुमारे ११० किलोमीटर. दिल्लीहून निघालेला भाविक दोन-सव्वादोन तासांत पनवेलला उतरेल आणि त्याहून जास्त वेळ मुंबई-गोवा महामार्गावर घालवेल. या महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे रखडले, याइतकी खंत वाटण्यासारखी गोष्ट कोकणच्या रस्त्यांबाबत दुसरी नाही.

रस्ता किती नाजूक आहे हे गेल्या काही वर्षांनी दाखवले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. नवा पूल वर्षाच्या आत बांधला गेला. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोली कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. एकच प्रवासी वाचला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी महाड पाण्यात होते, रस्ते तुटले होते, आणि बचावपथके पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. मुंबई तिथून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. त्या रात्री ते अंतर तीनशे वर्षांपूर्वी होते तितकेच होते.

पावसाचा हा अंमल आजही चालू आहे. वरंधा घाटातला रस्ता खचण्याच्या आणि दरडी कोसळण्याच्या भीतीने अलीकडे पावसाळ्यात अवजड वाहनांना, आणि वेळ पडल्यास सर्वच वाहनांना बंद ठेवला जातो. तसे झाले की पुण्याहून शिवथरला जाणाऱ्यांना ताम्हिणी घाटाने माणगावला उतरून महाडमार्गे यावे लागते, किंवा वाई-महाबळेश्वरकरून आंबेनळीने पोलादपूर गाठावे लागते. घळीवरचा धबधबा पावसाळ्यातच पाहण्यासारखा असल्यामुळे गर्दीही त्याच महिन्यांत होते. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात निघण्यापूर्वी घाट चालू आहे की बंद याची महाड किंवा भोरकडून खात्री करून घ्यावी, आणि अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी हा प्रवास करू नये.